आयत्या वेळचा विषय : नदी

पुण्यात नदीबद्दल मत नसलेला माणूस सापडणं कठीण, आणि नदीपाशी जाऊन आलेला माणूस सापडणं त्याहून कठीण. आम्ही नदी ओलांडतो. रोज ओलांडतो, दोनदा ओलांडतो. पुलावर वाहतूक तुंबली की पाऊण पाऊण तास नदीच्या बरोबर मधोमध उभे असतो. पण त्या वेळी डोळे सिग्नलकडे असतात आणि हात नाकावरच्या रुमालाला. पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की मात्र अख्खं गाव नदीच्या भेटीला लोटतं. भिडे पूल पाण्याखाली गेल्याची बातमी दरवर्षी नव्या उत्साहाने लागते आणि ती ऐकून लोक खरंच गेलाय का ते तपासायला सहकुटुंब लकडी पुलावर येतात. लकडी पुलात लाकूड नाही आणि पावसाळा सोडला तर मुठेत पाणी म्हणावं असं पाणी नाही. पण जुनी नावं सोडायची आमच्याकडे पद्धत नाही.

अशा या नदीचा काठ सुधारायचं महापालिकेने मनावर घेतलं. मुळा, मुठा आणि संगमानंतरची मुळा-मुठा मिळून ४४ किलोमीटर, आणि खर्चाचा अंदाज ४,७०० कोटींच्या घरात. ६ मार्च २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झालं. (नदीच्या कामाचं भूमिपूजन का, जलपूजन का नाही, असा प्रश्न आमच्या शेजाऱ्यांनी तेव्हाच एका वर्तमानपत्राला पत्राने विचारला होता. पत्र छापून आलं नाही, त्यामुळे प्रश्न अजून खुला आहे.) त्यानंतर आठवड्याभरात नगरसेवकांची मुदत संपली. मुख्य सभेत प्रकल्पाला हात वर करून ते आधीच मोकळे झाले होते. पुढची निवडणूक व्हायला २०२६ साल उजाडलं. म्हणजे काठावर बुलडोझर आले, भराव पडले, झाडांवर नंबर पडले, त्या जवळजवळ चार वर्षांत ज्यांना आपण मत देऊन पाठवतो ती माणसंच जागेवर नव्हती. जाब विचारायचा तर प्रशासकांना, आणि प्रशासकांना पुढच्या निवडणुकीत पाडता येत नाही.

मग पुणेकरांनी आपापल्या परीने मतं नोंदवली. कुणी हरित न्यायाधिकरणात गेलं, कुणी २०२३च्या एप्रिलमध्ये मोर्चा काढून झाडांना मिठ्या मारल्या. ज्यांना उन्हाचा त्रास होतो त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर लढा चालू ठेवला. आमची सोसायटी तिसऱ्या गटातली. आमच्या गच्चीवरून नदी दिसते. गच्चीवर न जाताही ती कुठल्या बाजूला आहे ते संध्याकाळच्या वाऱ्यावर कळतं.

तर या सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत नदी आली ती टल्सामार्गे.

टल्सा हे अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातलं शहर. आमच्या ए विंगमधल्या एका काकांची मुलगी तिथे असते. काका तिच्याकडे सहा महिने राहून आले आणि येताना नेहमीच्या बदाम-चॉकलेटांबरोबर एक कल्पना घेऊन आले. तेव्हापासून त्यांना सगळे टल्साकाकाच म्हणतात. टल्साच्या कडेने आर्कान्सा नदी जाते. नदी रुंद, पण बराच काळ नुसती वाळू; कारण वर कीस्टोन धरण आहे आणि वीज करायची असेल तेव्हा तिथून पाणी सुटतं. हे ऐकल्यावर सभेत टल्साबद्दल एकदम आपुलकी निर्माण झाली. धरण वर, शहर खाली आणि मधे वाळू, म्हणजे गाव आपल्यातलंच.

तिथेही काठ सुधारायची हौस जुनी. नदीत बेटंच उभी करू, अशी एक योजना २००६मध्ये आली होती; तिचा आकडा पाऊण अब्ज डॉलरच्या वर गेला आणि बेटं कागदावरच राहिली. पुढच्या वर्षी साधी योजना आली, २८ कोटी २० लाख डॉलरची. "आणि मग त्यांनी काय केलं असेल?" टल्साकाकांनी विचारलं.

"टेंडर काढलं," खजिनदार म्हणाले.

"नाही. लोकांना विचारलं!"

सभेत शांतता पसरली. लोकांना म्हणजे कुठल्या लोकांना, असं एकाने हळूच विचारलं.

तर ऑक्टोबर २००७मध्ये तिथे रीतसर मतदान झालं. प्रश्न असा : पुढची सात वर्षं शंभर डॉलरच्या खरेदीवर ४० सेंट जास्त कर द्याल का? दिलेत तर नदीवर छोटे बंधारे होतील, काठ होईल. शिवाय गावातल्या धनवंतांनी सांगून ठेवलं होतं, तुम्ही हो म्हणा, आम्ही वर दहा कोटी डॉलरहून जास्त घालतो. आणि लोक नाही म्हणाले. थोडक्या फरकाने, पण नाही.

"नाही म्हणाले?" चेअरमन खुर्चीत सरसावून बसले. सोसायटीच्या रंगकामाचा ठराव त्यांनी तीन सभांतून रेटून आणलेला आहे, त्यामुळे सभासदांना नाही म्हणता येतं ही माहिती अशी उघड सांगितली गेलेली त्यांना आवडली नव्हती. "मग राहिलं ना काम?"

राहिलं नाही, हीच टल्साकाकांची गोष्ट. एका धनिकाच्या संस्थेने पुढे स्वतःच्या आणि इतर देणगीदारांच्या पैशाने काठावर भलंमोठं उद्यान उभारलं. २०१८मध्ये ते उघडलं. दरम्यान २०१६मध्ये लोकांपुढे पुन्हा प्रश्न ठेवला गेला, या वेळी बरोबर इतरही कामं जोडून, आणि लोक हो म्हणाले. २०२४मध्ये नवा बंधारा होऊन वाळूच्या जागी पाणी दिसायला लागलं. "सतरा वर्षं," काका म्हणाले, "पण विचारून!" सतरा वर्षांचं कुणाला काही वाटलं नाही. आपल्याकडे सिंहगड रस्त्याचं किंवा मेट्रोचं ज्यांनी पाहिलंय त्यांच्या लेखी सतरा वर्षं म्हणजे दुपारची झोप. विचारलं, याचंच सगळ्यांना अप्रूप.

इथे मला एक प्रामाणिक शंका आहे. पुणेकराला विचारलेलं हवं असतं, हे खरं. पण त्याला निकाल हवा असतो का? आयुष्यभर आम्ही आक्षेप घ्यायला शिकलो. आक्षेपाची मजा अशी की काम झालं तर 'आम्ही सांगितलं होतं' म्हणता येतं आणि नाही झालं तर 'आम्ही थांबवलं' म्हणता येतं. मतदान झालं की पंचाईत. उद्या काठावरच्या फरशा उखडल्या तर त्या आपण मत देऊन बसवलेल्या असतील. मग पत्र कुणाला लिहायचं?

पण सभेला एवढा दूरचा विचार करायला वेळ नव्हता. गणपूर्तीअभावी सभा आधीच अर्धा तास तहकूब होऊन त्याच जागी, त्याच खुर्च्यांवर, त्याच लोकांनी पुन्हा भरवली होती. बटाटेवडे येऊन निवले होते. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणाऱ्या विषयात टल्साकाकांनी ठराव मांडला : 'मुळा-मुठा नदीकाठ सुधार योजनेवर पुणे शहरात नागरिकांचं मतदान घ्यावं, अशी ही सभा महापालिकेला विनंती करत आहे, आणि उदाहरण म्हणून प्रथम या सोसायटीत असं मतदान घ्यावं.' अनुमोदन दोघांनी दिलं. त्यातल्या एकाला तो वड्यांचा ठराव वाटला होता.

पहिला वाद, मतपत्रिकेवर प्रश्न काय छापायचा.

चेअरमननी मसुदा दिला : 'आपल्या शहराची नदी सुंदर व्हावी असं आपल्याला वाटतं का?' यावर पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आमचे दुसरे काका उठले. हे पाटबंधारेकाका दिवसाची वेळसुद्धा क्यूसेकमध्ये सांगतील असे गृहस्थ आहेत. त्यांचा मसुदा : 'चार हजार सातशे कोटी खर्चून नदीचं पात्र आवळून पुराचं पाणी आपल्या घरात घ्यावं असं आपल्याला वाटतं का?' दोन्ही मसुद्यांवर लगेच हात वर करून पाहिले. पहिल्याला सगळे हो म्हणाले. दुसऱ्याला तेच सगळे नाही म्हणाले. सी विंगमधल्या आयटीतल्या मुलीचं म्हणणं, मग आता मतदान कशाला, दोन्ही निकाल लागले की. तिला 'तुम्ही अजून नवीन आहात' असं सांगून बसवलं.

आवळण्याचा मुद्दा पाटबंधारेकाका सहजी सोडणार नव्हते. नकाशावर नदीला दोन रेघा असतात. निळी रेघ, म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येईल तो पूर, आणि लाल रेघ म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येईल तो. काठावर भराव टाकून बांध घातला की दोन्ही रेघा आत सरकवता येतात. "रेघा सरकतात," काका म्हणाले, "पाण्याला नकाशा वाचता येत नाही." प्रकल्पवाल्यांचं उत्तर आहे की आम्ही पात्र खोल करतो, अडथळे काढतो, पुराची पातळी वाढू देणार नाही. काकांचं त्यावर प्रत्युत्तर आहे, त्यावर त्यांचंही प्रत्युत्तर आहे. हे मी दोन्ही बाजूंनी लक्षपूर्वक ऐकलं आणि प्रत्येक वेळी बोलणाऱ्याचं पटलं.

तळमजल्यावरच्या आजींना क्यूसेक कळत नाहीत. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं आणि खडकवासल्याची भिंत गेली, तेव्हा त्या शाळकरी मुलगी होत्या. दिवसाढवळ्या पेठांत शिरलेलं ते पाणी त्यांनी वाड्याच्या माळ्यावरून पाहिलंय. सभेत त्या कधी बोलत नाहीत. त्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "रेघ कुठेही काढा, मला वरच्या मजल्यावर जागा द्या." चेअरमननी हा मुद्दा पार्किंगच्या विषयात घेऊ म्हणून सांगितलं.

मग निघाली साबरमती. पुण्यात रिव्हरफ्रंटची चर्चा अहमदाबादला गेल्याशिवाय पुरी होत नाही. आराखडा करणारी कंपनीही तीच आहे. चेअरमन सपत्नीक तिथे जाऊन आलेत आणि त्यांच्या मोबाइलमध्ये काठावरचे एवढे फोटो आहेत की त्यातून ४४ किलोमीटर सलग जोडता येतील. "काय ते पाणी! भरलेलं! स्वच्छ!"

"नर्मदेचं आहे," पाटबंधारेकाका म्हणाले.

"असू दे ना. पाणी आहे ना?"

"कालव्यातून आणून सोडलंय. तुम्ही मुठेत कुणाचं आणणार? मुठेचं तर तुम्ही सकाळी अंघोळीला वापरलंत."

हे मात्र अगदी खरं. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चार धरणांतलं पाणी आधी आमच्या नळात येतं, काही कालव्याने शेतीला जातं, आणि नदीच्या वाट्याला जे येतं ते आमची मोरी आणि संडास पार करून. पाहुण्यांना सरबत देऊन झाल्यावर खरकटा पेला यजमानाने प्यावा, तसा हा हिशेब. त्यावर बंधारे घालून हे पाणी अडवायचं आणि काठावर बाक टाकून बघत बसायचं, तर आधी ते शुद्ध व्हायला हवं. त्याचीही योजना आहे : जपानच्या साहाय्याची, २०१६ साली मंजूर झालेली, ९९० कोटींची, अकरा मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांची. पण मैलापाणी केंद्राच्या पाट्यांवर पहाटेच्या उजेडात जॉगिंग करणारं जोडपं काढता येत नाही. रिव्हरफ्रंटच्या चित्रात ते असतंच. शिवाय एक फुगेवाला, एक सायकलवाली आणि निळंशार पाणी. चित्रातल्या नदीत मी आजवर एकदाही जलपर्णी पाहिलेली नाही. जलपर्णी काढायच्या निविदा दरवर्षी निघतात, म्हणून मी मुद्दाम पाहतो.

आता पैशाचा प्रश्न. खजिनदारांनी कॅल्क्युलेटर काढला. शहराची लोकसंख्या चाळीस लाख धरली, तर माणशी साधारण बारा हजार. चौघांच्या घराला अठ्ठेचाळीस. सभेने श्वास सोडला. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला घरटी याहून जास्त निघाले होते, आणि गच्ची अजून गळते. पण आकडा माणशी आला की माणशी सवलती सुरू होतात. ज्येष्ठ नागरिकांना निम्मे घ्या. नदीकडच्या फ्लॅटना दृश्य मिळणार, त्यांनी जास्त द्यावेत. नदीकडच्या फ्लॅटवाल्यांचं म्हणणं, आत्तापर्यंत वास आणि डास आम्ही घेतले, ते आधी वजा करा. बी विंगला खिडकीतून ट्रान्सफॉर्मर दिसतो, त्यांना पूर्ण माफी हवी. एकजण म्हणाले, मी काठावर फिरायला जाणारच नाही, मी टेकडीवर जातो. टेकडीवाल्यांचा हा गट पुण्यात मोठा आहे, आणि टेकडी फुकट असल्यामुळे त्यांचा स्वभाव कडक झालेला आहे.

खजिनदारांनी एक कलम सुचवलं : ज्यांची थकबाकी असेल त्यांना मत नाही. हेच कलम शहराला मिळकतकराच्या बाबतीत लावलं तर मतदान सकाळी अकराच्या आत आटोपेल, असा अंदाज कुणीतरी बांधला. भाडेकरूंना मत असावं का, यावर मालकांचं एकमत झालं. अमेरिकेत असलेल्या फ्लॅटधारकांचं काय? टल्साकाकांच्या मुलीला टल्सात विचारणार आणि इथेही विचारणार, म्हणजे एकीला दोन नद्या. हा अन्याय आहे असं ज्यांना एकही नदी विचारत नाही त्यांचं म्हणणं पडलं.

मत कुणाला, हा प्रश्न खरं तर तिथेच सुटायला हवा होता. पण आयटीतली ती मुलगी पुन्हा उठली. ती मूळची सोलापूरची आहे, हे कुणाच्या लक्षात नव्हतं. तिने नकाशा उघडला. मुळेच्या एका काठावर पुणे महापालिका, दुसऱ्यावर बऱ्याच अंतरापर्यंत पिंपरी-चिंचवड. मग मतदान एका काठावर घ्यायचं की दोन्ही? इथवर ठीक होतं. पुढे ती म्हणाली, आपली नदी भीमेला मिळते, भीमा उजनीच्या धरणात जाते, आणि उजनीचं पाणी सोलापूरच्या नळाला येतं. उजनीच्या खाली पंढरपूर. तिथे तिला चंद्रभागा म्हणतात आणि आषाढीला लाखो वारकरी तीत बुडी मारतात. "तुम्ही जे सोडता ते आम्ही पितो. तुमच्या काठाला बाक हवे की नकोत ते तुम्ही ठरवा, पण नदीवर मतदान घेणार असाल तर पहिली मतपेटी सोलापूरला ठेवा."

टाळ्या वाजल्या नाहीत. चेअरमन म्हणाले, मुद्दा भावनिक आहे. पाटबंधारेकाका म्हणाले, मुद्दा हायड्रॉलिक आहे. माझ्या मते त्या सभेत नदीबद्दल झालेलं ते एकमेव भाषण होतं. बाकीची सगळी काठाबद्दल. सोलापूरकरांना मत दिलं तर निकाल काय लागेल हे सगळ्यांना एका क्षणात कळलं होतं, आणि म्हणूनच तो मुद्दा 'कार्यक्षेत्राबाहेरचा' म्हणून इतिवृत्तात नोंदवायचं ठरलं.

मी स्वतः मतदानाच्या बाजूचा आहे, हे सांगून टाकतो. लोक शहाणे असतात म्हणून नव्हे. त्या सभेनंतर तसं म्हणायला माझी जीभ रेटणार नाही. पण खिशातून बारा हजार जायचे म्हटल्यावर आमच्या खजिनदारांनी त्या रात्री प्रकल्प अहवाल शोधून वाचायला घेतला. त्याआधी आमच्यापैकी कुणीही तो उघडला नव्हता. ना बाजूच्यांनी, ना विरोधातल्यांनी. महापालिकाही अधूनमधून आम्हाला विचारते, नाही असं नाही. २००६-०७पासून अंदाजपत्रकात नागरिकांनी कामं सुचवायची सोय आहे. आम्ही सुचवतो आणि बाक येतात. बाक, फरशी, दिव्याचा खांब. लहान कामाला आमचं मत लागतं, मोठ्या कामाला आमची उपस्थिती लागते, तीही उद्घाटनाला आणि मांडवाच्या मागच्या भागात.

शेवटी मतदान झालं. चिठ्ठ्या वड्यांच्या रिकाम्या खोक्यात टाकल्या, त्यामुळे काही मतं तेलकट झाली आणि ती बाद धरावीत की नाही यावर वीस मिनिटं गेली. प्रश्नाबाबत एकमत न झाल्याने चिठ्ठी कोरीच वाटली होती. ज्याने त्याने प्रश्नही लिहायचा आणि उत्तरही. मोजणी करताना कळलं की बहुतेकांनी 'हो, पण' लिहून मागची बाजूही भरली आहे. एका चिठ्ठीवर लिफ्टबद्दल तक्रार होती. आजींनी 'वरचा मजला' एवढंच लिहिलं होतं. निकाल 'मिश्र' असा जाहीर झाला.

त्यावरून महापालिकेला पत्र लिहायचं ठरलं. पत्र कुणाच्या नावे? पाटबंधारेकाकांनी वाटणी समजावून दिली : धरण आणि पात्र आमच्या खात्याकडे, काठ महापालिकेच्या प्रकल्प विभागाकडे, मैलापाणी मलनिस्सारणकडे, डास आरोग्यकडे, पूर आपत्ती व्यवस्थापनाकडे, वाळू महसूलकडे. शिवाय पिंपरी-चिंचवडला एक प्रत. "आणि सोलापूरला," मागून आवाज आला. या वेळी कुणी हरकत घेतली नाही, कारण प्रत पाठवायला काय जातं.

काय जातं ते खजिनदारांनी सांगितलं. आठ प्रती, जोडपत्रं, रंगीत नकाशा, स्पीड पोस्ट, सगळं धरून एकूण साडेसहाशे रुपये. सोसायटीच्या निधीतून सोसायटीबाहेरच्या कामाला पैसे खर्चायचे तर सभेची मंजुरी लागते. चेअरमननी ठराव मतास टाकला. बाजूने एक हात वर आला, टल्साकाकांचा. सोलापूरच्या मुलीने तिचा वाटा आधीच गूगल पेने पाठवून दिला होता आणि ती लिफ्टमध्ये शिरली होती. बाकी सगळे विरोधात. नदीसाठी निधी द्यावा की नाही यावर पुण्यात झालेल्या या मतदानाचा निकाल सेक्रेटरींनी लिहून घेतला, आणि सभा पार्किंगच्या विषयाकडे वळली.